रंग कुठवर आला

रविवार, २५ ऑक्टोबर १९९८
पाणी अडवायला गावच्या बंधाऱ्यात लोखंडी ढापे टाकण्याचा कार्यक्रम. पहिला ढापा माझ्या हस्ते. नदीवर पीएच.डी. करणारा गावात दुसरा आहे कोण? शाल, श्रीफळ, टाळ्या. भाषणात म्हणालो, एक थेंब खाली जाऊ देऊ नका. लोक हेलावले. बायको उज्ज्वला म्हणाली, लई लांबलं.

सोमवार, २६
३१ तारखेला पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन संपतं. त्याआधी डेटा नाही दिला तर कॉलेजात पर्मनंट होणं विसरा, असं माझे गाईड सर फोनवर म्हणाले. घाबरायचं कारण नाही. काम एका दुपारचं. वरच्या पुलावरून नदीत गुलाबी रंग सोडायचा आणि बंधाऱ्याच्या खाली, निमगाव सावाला, तो किती वेळात पोचतो ते मोजायचं. पाण्यात विरघळलेली घाण किती वेगाने वाहते ते त्यावरून कळतं. रंगाची बाटली एकच. मला एक पुष्कळ झाली.

मंगळवार, २७
सकाळी रंग सोडला. मोटरसायकलने निमगाव सावा. सोबत मेव्हणा कुंडलिक. अंधार पडला तरी रंग नाही. कुंडलिक म्हणे, दाजी, हितं पानीच कमी व्हत चाललंय. विज्ञानात लुडबुड करू नको म्हणालो.

बुधवार, २८
नदी पार आटली. नेमकी माझ्या वेळेला! वरच्या लोकांनी मोटारी लावल्या असणार. माणसं किती स्वार्थी असतात. कुंडलिक आलाच नाही, थर्मासही त्याच्याकडेच. घरी येऊन सगळ्यांवर ओरडलो. नियम केला: माझ्यासमोर पाणी हा शब्द काढायचा नाही.

गुरुवार, २९. दुपार
डबक्यातलं पाणी बाटलीत भरून उन्हात धरलं. किंचित गुलाबी! बाटली सरबताची होती. काठावर बसून रडलो. भीमाशंकरला नवस बोललो. संशोधकाने बोलू नये, पण तारीख काही पुढे सरकत नाही.

शुक्रवार, ३०
आंघोळीच्या बादलीत गुलाबी पाणी. आमच्या नळाला बंधाऱ्यातलं येतं. बंधारा. ढापे. पहिला मीच टाकलेला.
मग धीर आला. रंग पोचला तर खरा! घरबसल्या रीडिंग! उज्ज्वलाला विचारलं, कधीपासून येतंय? म्हणाली, कालपासनं, का परवा रातीपासनं, ध्यानात न्हाई. तुमीच म्हणालात, पाणी हा शब्द काढू नका.
सरांना फोन लावला. रिंग वाजली. ठेवून दिला.
बूथबाहेर सरपंच चांगदेव भेटले. म्हणाले, बंधारा काठोकाठ भरलाय राव, उद्या जलपूजन, तुमच्याच हस्ते. भाषण तेवढं आखूड ठेवा.
उद्या ३१.
हो म्हणालो.