रुळाच्या रस्त्यावरून गेलेला सांगावा

॥ श्री सिद्धनाथ प्रसन्न ॥

मु. ताडमाळ, चैत्र वद्य नवमी, सन १९७५

राजमान्य राजेश्री लालासाहेब, मुक्काम लोणंद, यांस आकारामाचा रामराम. पत्राला फार उशीर झाला, त्याची माफी असावी. उशिराचं कारण असं की पत्र तुम्हाला लिहावं की तुमच्या मुलांना, हेच ठरत नव्हतं. तुमची तब्येत कशी आहे? (हे रीत म्हणून विचारलेलं नाही, खरोखर विचारतो आहे.) जेवण जातं का, खोकला थांबला का, श्वास नीट चालतो का, सगळं सविस्तर कळवावं. इकडे आम्ही खुशाल आहोत असं लिहिणार होतो, पण गव्हाणवाडीला तुमच्या बहिणीच्या, साळूबाईंच्या घरी सध्या तुमचं सुतक चालू आहे, त्यामुळे तो शब्द बरा दिसत नाही. लहानपणी आपण एकमेकांना अरेतुरे करत होतो, पण आता माझी नात विजयमाला तुमच्या भाच्याला, साळूबाईंच्या दादासोला द्यायची ठरली आहे, म्हणून अहोजाहो लिहितो. गैरसमज नसावा. गैरसमज आधीच फार झाले आहेत.

सगळं त्या रस्त्यानं केलं. मोठी लाईन आली तेव्हा रूळ नदीकडून नेले आणि आपली जुनी लहान गाडीची लाईन उखडली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ताडमाळपासून गव्हाणवाडीच्या जुन्या स्टेशनापर्यंत नुसता भराव उरला, वर बाभळी आणि घोरपडी. दुष्काळात त्याच्यावर काम निघालं, लोकांनी कामावर मिळणारी सरकारी सुकडी खाऊन तो सारखा केला. मग आमचे हंबीरराव सुभेदार (पेन्शनीत आल्यापासून त्यांना हुकूम द्यायला कोणी उरलेलं नाही) पंचायतीत उठून म्हणाले की यावर डांबर टाकून फिरायचा रस्ता करू. बाजाराचा नव्हे, शेताचा नव्हे, फिरायचा. लढाईत इटलीला असताना त्यांनी असा पाहिला होता म्हणे. लोकांनी विचारलं, फिरून जायचं कुठं? सुभेदार म्हणाले, कुठंच नाही, परत यायचं.

शेवटी एका बाजूनं माणसं, दुसऱ्या बाजूनं सायकली आणि भरावाच्या खालून गुरं, असं ठरून डांबर पडलं. तुम्ही पाहायला हवं होतं (पाहालही, सिद्धनाथाच्या मनात असेल तर). पहिल्याच दिवशी माणसांच्या बाजूला बायकांनी कुरडया वाळत घातल्या, सायकलींच्या बाजूला गहू पसरला आणि मधोमध सुभेदारांची स्वतःची म्हैस येऊन बसली. पहाटे तालमीची पोरं पळून जातात तेवढंच. फिरायला कोणी गेलं नाही. काही काम नसताना चालताना दिसायचं म्हणजे भल्या माणसाला लाज वाटते.

अशात कराडच्या डॉक्टरनं माझ्या रक्तात साखर सांगितली. (सगळा मुलूख साखरेवर जगतो, बाधली तेवढी मला.) म्हणाला, रोज भरभर चाला, हातात ओझं नको, वाटेत बोलत उभं राहू नका. मी पडलो भित्रा. सांगितलं तसंच्या तसं करायला निघालो, आणि लोकांनी बघू नये म्हणून भर दुपारी निघालो. उन्हानं नवं डांबर पातळ झालेलं. पहिल्या वळणालाच चपला चिकटल्या, त्या तिथंच सोडल्या. पुढं घाम फुटला म्हणून पटका काढून काखेत मारला. आता तुम्हीच सांगा, डोकं बोडकं, पाय अनवाणी, हात रिकामे, रामरामाला उत्तर नाही, आणि दुपारच्या उन्हात झपाझप चाललेला म्हातारा. आपल्याकडं असा माणूस मयताचा सांगावा सोडून दुसऱ्या कशाला निघतो? मला कोणी असा दिसला असता तर मी हातातली भाकरी खाली ठेवली असती.

रेल्वेच्या जुन्या फाटकाच्या खोलीत आता याकूबनं सायकलचं दुकान घातलं आहे. त्यानं हाक मारली, "आवं नाना, कोन गेलं?" मला धाप लागलेली. मी नुसता पुढं हात केला, म्हणजे स्टेशनापर्यंत जाऊन येतो, असं. याकूब समजूतदार, त्यानं जास्त विचारलं नाही. पुढं गव्हाणवाडी, तिथं साळूबाई, आणि त्यांचा भाऊ (म्हणजे तुम्ही) लोणंदला खोकल्यानं अंथरूण धरून आहे, त्याचं काही खरं नाही, हे महिनाभर मीच गावात सांगत होतो (काळजीपोटी, दुसरं काही नाही). नानांच्या पायांना तेवढाच आराम म्हणून तो सायकलवर बसला आणि माझ्या आधी सांगावा पोचवून आला. सायकलींची बाजू त्या दिवशी पहिल्यांदा कामाला आली.

मी स्टेशनाशी पोचलो तर साळूबाईंच्या दारात ही गर्दी आणि आत रडारड. इतका जवळचा संबंध, त्यांच्या घरी कोणी गेलं आणि मला कळवलं नाही! पण दारात उभं राहून "कोण गेलं" असं कसं विचारायचं? आधी रडावं, मग विचारावं. मी साळूबाईंच्या नवऱ्याच्या, तात्याबांच्या गळ्यात पडलो आणि मोठ्यानं रडलो. मी रडतो आहे हे पाहून ज्यांना शंका होती त्यांचीही फिटली. बऱ्याच वेळानं शेजारच्याला हळूच विचारलं, तर तो म्हणाला, "लालासाहेब की वो." मग मात्र मी खरा रडलो. सख्खी बहीण रडते आहे म्हटल्यावर अविश्वास कसा दाखवायचा? म्हणजे तुम्ही गेल्याचं त्यांना माझ्यामुळं कळलं आणि मला त्यांच्यामुळं. लोणंदला कोणी विचारलंच नाही.

परवा लोणंदहून कांद्याचा ट्रक घेऊन बिराप्पा आला. म्हणाला, लालासाहेब बाजारात अडत्याशी कडाकडा भांडत होते. माझी तिथंच खात्री पटली. त्याला धरून गव्हाणवाडीला नेलं. साळूबाईंनी विचारलं, "लय भांडत हुता?" "लय," बिराप्पा म्हणाला. त्या डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "मग त्यो दुसराच कोन तरी. माझा भाऊ कवा कुनाला आवाज चढवून बोलला न्हाई." (गेल्यापासून तुमचा स्वभाव फार सुधारला आहे.)

आता अडचण अशी की लग्न वैशाखात. मामा पाठीशी उभा नसेल तर नवऱ्यामुलावर अक्षता कशा टाकायच्या, असं म्हणून साळूबाईंनी ते पुढच्या वर्षावर ढकललं आहे. विजयमाला काल मला भाकरी वाढताना म्हणाली, "आबा, तुमी साखर कमी कराय गेलासा आन माझं लगीन कमी करून आलासा." हसत म्हणाली, पण भाकरी करपलेली होती.

पंचायतीनं आता ठराव केला आहे की फिरणाऱ्यानं हातात काहीतरी घेतल्याशिवाय रस्त्यावर येऊ नये. त्यामुळं गंमत अशी झाली की लोक फिरायला लागले. रिकाम्या पाट्या, रिकाम्या पिशव्या घेऊन सगळं गाव संध्याकाळी जातं आणि येतं. सुभेदार फार खूश आहेत. मी पहिल्या दिवशी तांब्या नेला, तर लोक मर्यादेनं तोंड फिरवून उभे राहू लागले. आता भोपळा नेतो. भोपळा हातात असला की माणूस कोणाकडं तरी चाललाय असं दिसतं. रोज तोच भोपळा आहे, पण कोणी विचारत नाही.

घरच्या सर्वांना माझा रामराम सांगावा.

आपला,
आकाराम

ता. क. खरं सांगायचं तर नुसत्या पत्रानं भागणार नाही. तात्याबा म्हणतात, पत्र काय, कोणीही लिहील. तेव्हा स्वतःच या, आणि त्या रस्त्यानंच या, म्हणजे दोन्ही गावं बघतील. पण चपला घालून, पटका बांधून, हातात ओझं घेऊन, याकूबपाशी चहाला थांबून, भेटेल त्याच्याशी बोलत या. झपाझप आलात तर लोक म्हणतील आकाराम गेला, आणि मग लग्न दोन्हीकडून अडेल. वाटेत कोणाशी भांडलात तर उत्तमच, मात्र साळूबाईंच्या देखत भांडा.

आणखी एक ता. क. त्या दिवशी रडताना मी तुला चार शिव्या दिल्या, मला न सांगता गेलास म्हणून. त्या परत घेत नाही. लाल्या, बिराप्पाला एका डोळ्यानं कमी दिसतं, हे मी तिकडं कोणाला बोललो नाही. तू ये तेव्हा ये, पण त्याआधी माझ्यापुरतं एक कार्ड टाक. तार करू नकोस, तार बघून इथं आणखी कोणीतरी जाईल. कार्डच टाक, आजच टाक, आणि कोपरा फाटलेलं कार्ड मयताचं समजतात, तेव्हा पेटीत सोडण्याआधी त्याचे चारी कोपरे शाबूत आहेत ना, ते एकदा बघून घे.