उशाशी भरलेला तांब्या

बडोदे, गुरुवार, १४ मे १९९८

संध्याकाळी बघितलं तर आईच्या उशाशी ठेवलेला तांब्या पुन्हा भरलेलाच. एवढ्या उकाड्यात! गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. वॉकर आणला, भिंतीला धरायला दांडा बसवला. पण पाणी पी म्हटलं की, "तहानच नाही गं." खोटं बोलते. पाणी प्यायलं की उठावं लागतं, बाथरूमपर्यंत चालावं लागतं. या भीतीला मी कुठला दांडा बसवू?

तेवढ्यात शेजारच्या कोकिलाबेन "केम छो, बा?" करत आल्या. आई लगेच मला म्हणाली, "अगं, आधी त्यांना पाणी दे. उन्हातनं आल्यात."

त्या गटागटा प्यायल्या. आई त्यांच्या पेल्याकडे बघत राहिली, ओठांवरून जीभ फिरवत.