टेकडीवर हेअर ड्रायर

सूनबाई,

तुझा सासरा फरार आहे. गाडीची किल्ली तू लपवलीस, म्हणून शेजारचा वायरमन टेकडीवर सोडतोय. त्याला झापू नकोस. हेअर ड्रायर नेलाय. दुर्बिणीच्या भिंगावर दव बसतं.

तेजोमेघाचे नव्वद फोटो झाले, तीस राहिले. सगळे एकावर एक रचले, तरच त्याचा लाल रंग उठतो. उद्यापासून चंद्र आड येणार आणि सोमवारी म्हाताऱ्याच्या उरलेल्या एका डोळ्याचं ऑपरेशन. म्हणजे आजच.

डोळ्यात औषध घातलंय.

नव्हतं घातलं. आता घातलं.

फोटो मोठा छापून आण. पट्टी सुटली की मी बघणारच. नाहीच दिसला, तर लाल कसा आलाय ते तू सांग. समजूत काढायला खोटं बोललीस, तर आवाजावरून ओळखीन.