खिडकीकडचा सांधा

२ फेब्रुवारी, सकाळी ९
ही बहिणीकडे गेली. बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. आठ दिवस. सोबत दोन बॅगा आणि शिलाई मशीन. मोतीबिंदूला मशीन कशाला, हे विचारायचं राहिलं. टॅक्सीवाला घाईत होता.
एका परीने बरंच झालं. शिवणाची खोली मोकळी मिळाली. ती परत यायच्या आत रेल्वे स्टेशन पूर्ण करायचं, हा निश्चय. टेबलावरचं, छोटं, पण नियमाप्रमाणे. दोन प्लॅटफॉर्म, दोन गाड्या, दोन सांधे. पाणीपुरवठा खात्यात एकतीस वर्षं नकाशे हाताळलेत मी. काढणारे वेगळे होते, पण घडी माझी असायची.

४ फेब्रुवारी
सुतार आला. हिचं कापड बेतायचं टेबल जेवणाच्या टेबलाला जोडून घेतलं. अकरा फूट. वहिनी कुठे, विचारू लागला. सांगितलं. म्हणाला, साहेब, माझ्या आईचं झालं तर ती तिसऱ्या दिवशी स्वयंपाकाला लागली. काही लोकांचं करवतीपेक्षा तोंड जास्त चालतं.
जेवण आता ओट्याशी, उभ्याने. पचनाला चांगलं म्हणतात.

७ फेब्रुवारी
दोन्ही प्लॅटफॉर्म उभे. उंचीसाठी खाली हिची दोऱ्याची रिळं लावली. चाळीस, सगळी एका मापाची. आणि म्हणे, माझ्या वस्तूंची तुम्हाला कदर नाही. वर प्लॅस्टरचे बारा प्रवासी चिकटवायचे आहेत. सध्या नुसते उभे.
सांध्यांवर सखोल विचार केला. गाडी रूळ बदलते ती सांध्यावर, म्हणजे सगळं स्टेशन त्यावर. माझ्या योजनेत एक सांधा दाराकडे, एक खिडकीकडे. एक गाडी आत येताना दुसरी बाहेर पडणार, तेव्हा दोन्ही एकाच क्षणी बदलायचे. दाराकडे मी, खिडकीकडे ही. तिला विचारलेलं नाही, पण तिथे उजेड चांगला येतो. मशीनही तिथेच असायचं. स्टूल ठेवलं.

११ फेब्रुवारी
आठ दिवस म्हणजे साधारण आठ.
पहिली चाचणी. दाराकडचा सांधा बदलून खिडकीकडे धावलो. मला सात सेकंद लागतात, गाडीला पाच. टक्कर. गाड्यांचा वेग सदोष आहे.

१२ फेब्रुवारी
चपला काढून धावलो. सहा सेकंद. टक्कर. उद्यापासून रोज सकाळी फिरायला जायचं.

१३ फेब्रुवारी
गार होतं. गेलो नाही.
रूळ विकणारा दुकानदार म्हणतो, काका, दोन्ही सांधे एका टोकाला घ्या, बसल्याजागी होईल. त्याला समजावलं, हे स्टेशन दोन माणसांसाठी आखलंय. मग दुसरं माणूस कुठंय, म्हणाला. याच्याकडून पुन्हा काही घ्यायचं नाही.

१६ फेब्रुवारी
मुलीचा फोन. म्हणे बाबा, मावशीचं ऑपरेशन गेल्या वर्षीच झालं. आई रागावून गेलीये, एकदा नुसतं ये म्हणा तिला. डोळे दोन असतात, हे तिच्या लक्षात येत नाही.
तरी संध्याकाळी हिला फोन लावला. चौदा मिनिटं बोललो. खिडकीकडचा सांधा तपशीलवार समजावला. तिने एकच विचारलं, आणि मी शिवायचं कुठे? म्हटलं, ते स्टेशन झाल्यावर बघू. तिने फोन ठेवला. विचार करत असावी.

२१ फेब्रुवारी, दुपारी ४
ही आली. बॅग एकच, तीही रिकामी. कुणाचे तरी पडदे शिवायला घेतलेत, रिळं हवी होती.
म्हटलं, आधी एकदाच तो सांधा. पर्स खांद्यावरून न काढता स्टुलावर बसली. गाड्या सोडल्या. मी ‘आता’ म्हणायच्या आत तिने बदलला. दोन्ही गाड्या शेजारून सुळकन निघून गेल्या. पहिल्याच खेपेला. ही हसली, असं मला वाटतं.
मग म्हणाली, अजून काही सांगायचंय का तुम्हाला?
सांगितलं, की अर्धा सेकंद लवकर झाला.
तिने रिळं काढली. एकेक, एकही प्रवासी न पाडता.

२४ फेब्रुवारी
प्लॅटफॉर्म आता रुळांच्या पातळीवर. प्रवाशांना चढायला अवघड जाईल, पण ते तक्रार करणाऱ्यांतले नाहीत.
खिडकीकडचा सांधा काढून टाकला. मग दुसरी गाडीही खोक्यात ठेवली. गाडी एकच असली की सांधा लागतच नाही, हे आधी कुणी सुचवलं नाही. आता स्टेशन एका माणसात चालतं. गाडी येते, थांबते, जाते. अगदी वेळेवर.
स्टूल राहू दिलंय. उजेड चांगला येतो तिथे.