टॉवेलच्या गोदामातली हाक

अम्मा, आमचा अल्बम निघाला. अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा नव्हे. नऊ गाणी आहेत, आम्हीच लिहिलेली आणि आम्हीच वाजवलेली, आणि ती आता कुणालाही फोनवर ऐकता येतात. तू ऐकली असतीस तर पहिल्याच मिनिटाला विचारलं असतंस, 'कोण भांडायलंय गं?' तुझं फारसं चुकलंही नसतं. या गाण्यांना पोस्ट-हार्डकोअर म्हणतात. गिटारी एकदम अंगावर येतात, मग मध्येच सगळं थांबून एखादीच तार हळू वाजत राहते, आणि गाणारा माणूस गाता गाता जीव तोडून ओरडायला लागतो. आमच्यात ती ओरडणारी मी आहे. हो, मीच. हसू नकोस. आणि हे मराठीत लिहितेय, कारण आपण घरात तेलुगूच बोललो तरी तुला वाचता यायचं ते मराठी. चौथीपर्यंतची अक्षरं तू शेवटपर्यंत जपलीस. चटणी बांधून आणलेल्या कागदावरची बातमीसुद्धा बोट ठेवून पुरी वाचल्याशिवाय तो कागद चुलीत गेला नाही.

तुला जाऊन अकरा वर्षं झाली. मला तुझा चेहरा आठवतो, हात आठवतात, आवाज मात्र धरायला गेलं की निसटतो. असा आवाज निसटावा म्हणजे कमालच आहे. अख्ख्या गल्लीला पुरून उरायचा तो. कारखान्यात तू कांडीच्या मशीनवर होतीस. आडव्या धाग्याचं सूत लाकडी कांड्यांवर भरायचं, आणि बाजूला सगळे माग एकाच वेळी खडखडतायत. तिथे तुम्हा बायकांचं दोन तऱ्हांनी बोलणं चालायचं. जवळची असेल तर नुसते ओठ हलवायचे, आवाज काढायचाच नाही, समोरची ओठ वाचून हसायची; घरी तू मलाही ते शिकवलंस. लांबची असेल तर अशी हाक टाकायची की ती मागांच्या वरून जाऊन पोचली पाहिजे. तू पाळी संपवून घरी आलीस तरी ती हाक काही कारखान्यात ठेवून येत नव्हतीस. आत्ताही दिसतं मला. संध्याकाळचे सहा वाजलेत, तुझ्या केसांत कापूस अडकलाय, गालात गुळाचा खडा आहे, सुताची धूळ घशात बसू नये म्हणून. तू चिंचेच्या कोळात कच्चा कांदा आणि मिरची कुस्करतेस, पच्ची पुलुसू. तव्यावर भाकरी फुगलीय, आणि तू तिथूनच, चुलीपुढून न उठता, हाक मारतेस, 'बिड्डाऽऽ!', आपल्या तेलुगूतलं 'लेकरा'. मी तीन गल्ल्या पलीकडे लगोरी खेळतेय. मला ती ऐकू येते. माझ्याबरोबरच्या सगळ्या पोरींना ऐकू येते. 'जा गं, तुझा भोंगा झाला,' असं म्हणतात त्या. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं.

वाटायला लागलं आठवीत. त्या वर्षी मला गावातल्या मोठ्या शाळेत घातलं, आणि पालकांच्या पहिल्या सभेला तू पाळीवरून थेट आलीस. बाकीच्या आया इस्त्रीच्या साड्यांत, हळू आवाजात 'हो मॅडम', 'बरं मॅडम' करत होत्या. तू बाईंच्या टेबलापाशी गेलीस आणि मागांच्या वरून बोलतात तशी बोललीस, 'काय ओ बाई, पोरगी माझी हुशार हाय की न्हाय?' बाई चक्क एक पाऊल मागे सरकल्या. मागच्या बाकावर खसखस पिकली. बाई म्हणाल्या, हुशार आहे, आणि तू केवढी खूष झालीस, पण मी ते काही ऐकलंच नाही. व्हरांड्यात आल्यावर मी तुला म्हटलं, तेसुद्धा मराठीत, मुलींना कळावं म्हणून मराठीत, 'जरा हळू बोल की अम्मा. सगळे हसतायत.' तू म्हणालीस, 'व्हय?' एवढंच. मग पदराचं टोक तोंडाशी धरलंस आणि फाटकापर्यंत तशीच चालत गेलीस. मी दहा पावलं मागून चालत होते.

त्यानंतर तू मला हाक मारली नाहीस. हे वाक्य लिहायला मला एवढी वर्षं लागली. तू कारखान्यातली एक रिकामी कांडी घरी आणलीस आणि मला बोलवायचं झालं की ती खिडकीच्या गजावर आपटायचीस. टक टक, थांबून पुन्हा टक. मला वाटलं, बरं झालं, अम्मानं युक्ती काढली. तेरा वर्षांच्या मुलीला यापलीकडे काय वाटणार, असं म्हणून मी स्वतःला सोडवू शकते, पण मी नंतर अठरा वर्षांचीही झाले आणि वीसचीही, आणि गजावरची ती टकटक ऐकून मुकाट घरी येत राहिले.

आता अल्बमचं सांगते. गिटार वाजवणारा आणि बेस वाजवणारी दोघं चुलत भावंडं, त्यांच्या घरी कन्नड. ड्रमवाला मंद्रूपच्या शाळेत मास्तर आहे, शनिवारी शाळा सुटली की एसटीनं येतो. चूक झाली की तीन भाषांत शिव्या पडतात. ड्रम आम्ही पुण्याला जाऊन वाजवून आलो, कारण इथे तशी खोली नाही. गिटारी घरीच झाल्या. राहिला माझा आवाज. त्याला अशी जागा लागते जिथे भिंती आवाज परत फेकत नाहीत. ती जागा निघाली भावंडांच्या घरच्या टॉवेलच्या गोदामात. छतापर्यंत गठ्ठे, मध्ये एक बोळ, त्या बोळात माइक. दुपारी हमाल जेवायला बसले की तो एक तास आमचा. तिथे ओरडलं की आवाज सुतात शिरतो आणि गडप होतो, आपलं आपल्याला काहीच परत मिळत नाही. आठ गाणी झाली. नववं होईना. त्याचे शब्द संपले की पुढे एक लांब ओरडणं आहे, वहीत मी नुसतं 'इथे ओरडायचं' एवढंच लिहून ठेवलं होतं. रोज ओरडत होते आणि रोज ते खोटं वाटत होतं, भावंडांनाही आणि मलाही. पाचव्या दिवशी घशात रक्ताची चव आली. डॉक्टरांनी आत दिवा घालून बघितलं आणि बजावलं की तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. पुन्हा असंच ओरडलीस तर गाणं विसर, हेही सांगितलं. घरी येऊन मी रडले, तेही आवाज न काढता, आणि तसं रडणं किती अवघड असतं ते मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी सकाळी चहा झाला होता आणि नाना खाली ओट्यावर पेपर वाचत बसले होते; घरात आता आम्ही बापलेकच. हाक मारता येईना. तुझ्या शिवणाच्या डब्यात ती कांडी अजून होती. मी काहीही विचार न करता ती घेतली आणि खिडकीच्या गजावर आपटली. टक टक, थांबून टक. नाना जिना चढून आले ते एकाच पायात चप्पल घालून. त्यांचा एक कान मागावर गेलाय, तरी हे त्यांना पोचलं. दारात उभे राहून माझ्या हाताकडे बघत राहिले. 'मला वाटलं...' म्हणाले आणि पुढचं गिळलं. मग खाली बसले, चहा घेतला नाही. म्हणाले, 'किती वेळा म्हटलं मी तिला, अगं हाक मार की, सवय आहे ना तुला. तर म्हणायची, नको, पोरगी शिकतेय, चारचौघांत लाज वाटते तिला. मी वाजवते ना, पोचतं तिला.' मी पाटीवर लिहिलं, कधीपासून? नानांनी डोळे बारीक करून वाचलं आणि म्हणाले, 'तू आठवीत होतीस.' म्हणजे त्यांना ठाऊक होतं. तुम्हा दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघांपैकी कुणीही एका शब्दानं मला बोललं नाही. तू मला तेव्हा एक थोबाडीत दिली असतीस तर बरं झालं असतं.

त्या मुक्या आठवड्यांत मी तुझा आवाज शोधला. खरंच शोधला, कपाटं उपसली. धाकट्या मामाच्या लग्नाच्या व्हिडिओत तू आहेस, पंगतीत वाढता वाढता काहीतरी बोलतेस, पण शूटिंगवाल्यानं त्यावर सिनेमातलं गाणं चढवलंय. माझ्या जुन्या फोनमध्ये माझ्या वाढदिवसाचा एक तुकडा सापडला. सगळे गातायत, आणि तू मागे उभी आहेस, पदराचं टोक तोंडाशी. तो पदर तिथे कुणामुळे आला ते मला माहीत आहे. अम्मा, मला तुझा आवाज हवाय गं. चांगलं काही नको, आशीर्वाद नको, नुसतं 'मीठ आण' म्हणालेलं चालेल.

तीन आठवडे संपल्यावर मी मावशीकडे गेले, तुझ्या शेजारच्या मशीनवरच्या. आता ती घरीच टॉवेलच्या कडा शिवते. मी विचारलं, तुम्ही दिवसभर एवढ्या ओरडायच्या, गळा कसा नाही बसला? तिनं मशीन थांबवलं. 'ओरडत कोण हुतं? आमी हाक मारत हुतो की.' मग उठून तिनं माझ्या पोटावर हात दाबला, हनुवटी बोटानं खाली केली. 'हितनं काढायचं, बेंबीपासनं. गळ्याला हातसुदिक लावायचा न्हाय. आन् कुणाला हाक मारायची ते आदी डोळ्याम्होरं आणायचं. ते न्हाय आणलं की गळा धरतोय बग. तुझी आई तर लई लांबचं बगून मारायची.' जाताना तिनं गुळाचा खडा हातावर ठेवला. मी तो तिथेच, तिच्या उंबऱ्यावर, तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोदामात उभी राहिले. गठ्ठ्यांच्या बोळाच्या टोकाला मी तुला उभी केली, शाळेच्या फाटकाकडे चाललेली, पाठमोरी, पदर तोंडाशी. शब्द संपले, आणि मी तुला हाक मारली. 'अम्माऽऽ.' माझा श्वास संपेपर्यंत. तूही वळली नाहीस आणि टॉवेलांनीही काही परत दिलं नाही. पण गळ्याला काही झालं नाही.  बाहेर जेवणारा एक हमाल हात चाटत दारात आला आणि म्हणाला, 'कोण बोलावलं वो ताई?' गिटारवाला म्हणाला, हेच ठेवायचं, दुसरं घ्यायचं नाही. तेच ठेवलंय. मुखपृष्ठावर चादरीच्या उलट्या बाजूचा फोटो आहे, सुटे धागे दिसणारा. तो माझा हट्ट होता.

अल्बम निघाला त्या रविवारी संध्याकाळी आम्ही इथेच एका छोट्या हॉलमध्ये वाजवला. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पहिल्या रांगेत नाना, ऐकू येणारा कान आमच्याकडे करून, आणि शेजारी मावशी. पोरंपोरी कानांवर हात ठेवत होती आणि ती आरामात बसली होती. मध्यंतरात म्हणाली, 'एवढाच व्हय? मला वाटलं लई मोठा आवाज असतुया.' नवव्या गाण्यातली ती हाक मी मारली तेव्हा मात्र तिनं नानांचा हात धरला. तिला तुझी हाक कळली, मी पाहिलं ते. तिथेच सगळं संपलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं. पण नंतर कॉलेजातली एक मुलगी मोबाइल घेऊन आली, तिला व्हिडिओ करायचा होता. हॉलमध्ये स्पीकर चालू, ड्रम सोडवायची आदळआपट, मावशी पार दाराशी उभी. मुलीनं विचारलं, 'ताई, असं ओरडायला कुठे शिकलात?' आणि मी म्हटलं, 'इंटरनेटवर. व्हिडिओ बघून बघून. घरी तसं कुणी नव्हतं.'

ते का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. ती मुलगी इंग्रजी शाळेत शिकलेली होती, नीट कपड्यांतली, आणि माझ्या तोंडून आपोआप तेच आलं, व्हरांड्यातलं. मान वर केली तर मावशी माझ्याकडे बघत होती. एवढ्या गोंगाटात तिला एक अक्षरही ऐकू गेलं नसणार, पण तिला ऐकायची गरजच कुठे होती? तिनं आयुष्यभर ओठ वाचलेत. तिथूनच, आवाज न काढता, कारखान्यातल्यासारखे ओठ हलवून ती मला म्हणाली, 'मोट्यानं सांग की. कुणाला लाजतीस?' मग नानांना घेऊन रिक्षात बसली. तू मला ओठ वाचायला शिकवलंस त्याचा मला त्या दिवशी फार राग आला.

त्या मुलीचा नंबर माझ्याकडे आहे. ते वाक्य काढ आणि 'आईकडून शिकले' असं घाल, हे सांगायला दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा खाली ठेवला. त्याऐवजी हे पत्र लिहितेय, जे कुणाच्याच कानावर जाणार नाही, म्हणजे पुन्हा हळूच बोलणं झालं. लिहून झालं की कांडीभोवती गुंडाळून तुझ्या शिवणाच्या डब्यात ठेवीन. काल दुपारी मी गच्चीवर गेले होते. माइक नाही, टॉवेल नाहीत, समोर आपली गल्ली आणि लांबवर बंद गिरणीचं धुराडं. मावशीनं सांगितलं तसं हनुवटी खाली केली, बेंबीपासून श्वास घेतला आणि तुला हाक मारली, चांगली तीन गल्ल्या पलीकडे जाईल अशी. खाली कुणाची तरी खिडकी उघडली. तू ऐकली असशील तर तुला बरं वाटलं असेल, आणि तसंच वाटू द्यावं असा मोह होतोय, पण तुझ्याशी आता खोटं बोलायचं नाही. हाक मारायच्या आधी मी चारही बाजूंना वळून, आसपासच्या गच्च्यांवर कुणी नाही ना, ते पाहून घेतलं होतं.