गच्चीवर सगळ्यांचा फराळ

७ ऑक्टो., मंगळवार

काल कोजागिरी. दूध आटवलं, केशर घातलं, गच्चीवर खुर्ची टाकून एकटीच बसले. चंद्र लख्ख. खालून तिन्ही बिऱ्हाडांतल्या भांड्यांचे आवाज. म्हणजे दूध सगळ्यांकडं होतं आणि जो तो आपापल्या ओट्यापाशी उभा राहून पीत होता. एका घरात चार कोजागिऱ्या! ह्यांचा नियम होता, भाडेकरूला गच्ची नाही. हे जाऊन तीन वर्षं झाली. नियम अजून राहतोय, तोही बिनभाड्याचा.

सकाळी मंदारचा पुण्याहून फोन. दिवाळीला येत नाहीत, यंदा सूनबाईच्या माहेरी. बरं. मग हळूच, "आई, घराला गिऱ्हाईक आलंय. चांगली पार्टी आहे. भाडेकरूंना एवढ्यात बोलू नकोस. तू इकडं ये ना आता कायमची." मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे काय, ते मलाही ठाऊक नाही.

९ ऑक्टो., गुरुवार

जिन्यात रुक्मिणी भेटली, पहिल्या मजल्यावरची. लेकीला, परीला, शाळेत सोडायला निघाली होती. विचारलं, कन्नडला कधी निघताय?
"कुठलं काकू! ह्यांना कंपनीनं लक्ष्मीपूजनाची एकच सुट्टी दिली. वाळूजहून यायचं, एष्टीत कोंबून घ्यायचं, की लगेच माघारी. लेकराचे हाल नुसते."

खाली रफिकभाई गाडी पुसत होते. ते तर दिवाळीत कधीच घरी नसतात, अजिंठ्याला पर्यटक घेऊन रोज जा-ये. फर्दापूरला सख्खा भाऊ, तिथंही फक्त चहापुरतं थांबणं. "हमारा सीझनच दिवाली का, काकू." बायको नसीम दिवसभर घरात एकटी.

राहिली पूनम, मागच्या खोलीतली. पैठणची पोर, स्पर्धा परीक्षा करते. डिसेंबरात पेपर. आईला कळवलंय येणार नाही म्हणून. सांगताना डोळे पुस्तकातून वर नाहीत.

म्हणजे यंदा कुणीच हलत नाही. मीही नाही.

दुपारी गवार मोडताना एकदम सुचलं. सगळ्यांनी मिळून का नाही? गच्चीवर, दिवे लावून, एकत्र फराळ! गवार तशीच टाकून उठले आणि घरातल्या घरात चकरा मारल्या. छाती धडधडत होती. या वयात, फराळापायी!

रविवार १९ ठरवला. मनातल्या मनात.

१० ऑक्टो.

जिन्यात चिठ्ठी चिकटवली. "रविवार दि. १९ रोजी सायं. ६ वा. सर्व भाडेकरूंनी गच्चीवर न चुकता जमावे. — मालकीण." फराळाचं मुद्दाम नाही लिहिलं. म्हटलं, गंमत.

११ ऑक्टो., शनिवार

गंमत अंगाशी आली.

सकाळीच रुक्मिणी दारात. चेहरा उतरलेला. "काकू, किती वाढवायलेत? एकदम सांगू नका, ह्यांना सांगायला जरा टाईम द्या."
"काय वाढवायलेत?"
"भाडं!"
तोवर रफिकभाई आले, टोपी हातात. "काकू, गाडी गेट के सामने लगाता मैं, उसपेच मीटिंग है क्या? नक्को होना तो बाहर लगाता."
आणि पूनम! ती तर शेजारच्या गल्लीत दुसरी खोली बघून आली काल संध्याकाळीच. चिठ्ठी वाचली आणि चप्पल घालून सरळ निघाली.

मी हसायला लागले. थांबेचना. पदर तोंडाला लावून तिथंच पायरीवर बसले. "अगं, फराळ! दिवाळीचा फराळ करायचाय सगळ्यांनी मिळून!"
रुक्मिणीनं आधी माझ्याकडं बघितलं, मग चिठ्ठीकडं. "मंग असं नोटिशीवानी लिहित्यात का कुणी?"
जन्म टेलिफोन ऑफिसात गेला. परिपत्रकाशिवाय दुसरं वळणच नाही हाताला.

सगळे हसले. मग ते गेले आणि मला कसंतरीच झालं. ते घाबरले ते काही अगदीच उगाच नव्हे. मंदारचं गिऱ्हाईक…

१३ ऑक्टो.

गच्ची उघडली! रुक्मिणीनं पदर खोचला, नसीमनं ओढणी, आणि दोघींनी कोपरा न् कोपरा झाडला. जुनी कूलरची जाळी, फुटक्या कुंड्या, ह्यांची मोडकी आरामखुर्ची. परीनं विचारलं, आजी, एवढी मोठी जागा तू कुणाला देत का नव्हतीस? रुक्मिणीनं तिला चिमटा काढला, मी बघितला.

वाटण्या झाल्या. चकली रुक्मिणी. भाजणी कन्नडहून सासूनं पाठवलीय. करंज्या मी. नसीम म्हणाली, मैं क्या बनाऊँ, हमारे में तो दिवाली का कुछ बनता नहीं. मग स्वतःच, "नानखटाई! घर में मळती, बेकरी में भाजके लाती." पूनमला म्हटलं तू फक्त ये. तर म्हणाली, मला रांगोळी येते.

एवढंच. पण वर बघून म्हणाली.

१६ ऑक्टो.

सारण सैल झालं. करंज्या तळताना चार फुटल्या, तेल काळं. रुक्मिणी आली, काही न बोलता झारा हातातून घेतला. चकलीचं पीठ तिच्याकडं मी मळून दिलं. माझ्या ओट्यावर दुसऱ्या कुणाचा हात फिरतोय, किती दिवसांनी. रेडिओ लावला होता, तो कुणी ऐकलाच नाही एवढ्या गप्पा.

मंदारचा फोन. "आवाज कसा वेगळा वाटतोय तुझा?" म्हटलं, तेल उडालंय. हसायला लागले.

१७ ऑक्टो., वसुबारस

पूनमनं दुसरी खोली नको म्हणून कळवलं. रफिकभाईंनी माळा आणल्या दिव्यांच्या, गुलमंडीहून. रविवारी लवकर गाडी सोडणार म्हणाले. रुक्मिणीच्या नवऱ्याला, संतोषला, रविवारची पाळी बदलून मिळाली, सायबाच्या मागं लागून. रुक्मिणीनं मला ओरडून सांगितलं वरून, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

झोप येत नाही नीट. लग्नघर असल्यासारखं होतंय.

१९ ऑक्टो., रविवार

कुठून सुरू करू!

पूनमची रांगोळी दुपारीच सुरू झालेली. पैठणीच्या पदरावरचा मोर, हिरवा-जांभळा, गच्चीच्या मधोमध. तिची मावशी हातमागावर बसते, तिथं बघून बघून शिकलीय. मोर एवढा देखणा की परीला राखण ठेवली, कुणी पाय देऊ नये म्हणून.

पावणेसहा. माळा लागल्या, ताटं वर गेली. मी मोतिया रंगाची साडी नेसून जिना चढतेय आणि खालून संतोषची आरोळी, "पाणी आलंऽऽऽ!"

आठवड्यातून एकदा, बुधवारी यायचं पाणी. रविवारी संध्याकाळी! आता फराळ कसला नि काय. परत कधी येईल देव जाणे. सगळे धावले. टिपाडं, बादल्या, पातेली, पिंप. रफिकभाई आत्ताच अजिंठ्याहून आलेले, इस्त्रीच्या शर्टातच पाईप ओढायला लागले. नसीमनं माझ्याकडची हंडा-कळशी भरून दिली. मी साडी खोचली आणि तपेल्या लावल्या. मोटर लावली ती बंद करायचं कुणाच्या डोक्यातच नाही. वरची टाकी भरली, वाहायला लागली, आणि परी जिन्यातून किंचाळत आली. "मोर वाहून चालला!"

धावत वर गेलो. मोराचा पिसारा भिंतीच्या कडेनं निघाला होता, जांभळा ओघळ होऊन. मला रडूच आलं. पूनमकडं बघायची हिंमत होईना.

तर पूनम हसत होती. आधी आवाज न करता, मग मोठ्यांदा. पोट धरून. आठ महिने झाले राहायला येऊन, हसणं पहिल्यांदा ऐकलं मी. "काकू, मोराला अंघोळ! एक दिवस आधीच!" आणि मग कुणालाच आवरेना.

मोटर बंद केली. ओल्या गच्चीवर, ओल्या कपड्यांनी बसलो. सतरंजी घालायची सोयच नव्हती, विटांवर पाट. पण घरातली सगळी भांडी काठोकाठ भरलेली, त्याचा आनंद असा की विचारू नये. रुक्मिणीची चकली काय झालीय! नसीमची नानखटाई तोंडात विरघळते. माझ्या करंज्या परीनं तीन खाल्ल्या, म्हणजे झाल्या बऱ्या.

खाता खाता रुक्मिणी म्हणाली, "काकू, एक विचारू का? परवा एक माणूस रस्त्यावर उभा राहून आपल्या घराचे फोटू काढायला होता. घर विकायलेत व्हय?"

सगळ्यांचे हात थांबले. खोटं बोलता आलं असतं. आलं नाही.
"मंदारच्या मनात आहे. माझं अजून काही ठरलेलं नाही."
संतोषनं मान खाली घातली. पूनमनं ताट ठेवलं. मग रफिकभाई, "काकू सच तो बोले. चलो, अब खाओ. टेन्शन का कल देखेंगे."

आणि संतोष उठला. हा माणूस मान हलवण्यापलीकडं कधी बोलत नाही. त्यानं कोपऱ्यातलं गळकं टिपाड पालथं घातलं आणि हलगीसारखं वाजवायला लागला. असं वाजवलं! रुक्मिणी म्हणाली, गावच्या मिरवणुकीत ह्यांच्याशिवाय चालत नाय. परी नाचली, पूनम नाचली, नसीम टाळ्या वाजवता वाजवता उठलीच. मी लेझीम खेळले. हातात लेझीम नव्हती, तरी खेळले. शाळेतले सगळे हात आठवले.

समोरच्या बंगल्यातले लोक बाल्कनीत येऊन बघत होते. बघू देत.

२० ऑक्टो., नरकचतुर्दशी

गुडघे धरलेत. उटणं लावून कढत पाण्यानं पोटभर अंघोळ, पाणी भरपूर! जिन्यात परी भेटली की टिपाड वाजवल्याचा आवाज तोंडानं काढते.

२१ ऑक्टो., ल. पू.

पूजा आपापल्या घरी. मग प्रसादाच्या वाट्या जिन्यातून वर-खाली. माझ्याकडं पाच प्रकार जमले. गच्ची आता उघडीच असते. पूनम पहाटे तिथं बसून वाचते.

२३ ऑक्टो., भाऊबीज

मं. आला. न कळवता. मला वाटलं आठवण आली. गाडीतून मागोमाग एक गृहस्थ उतरले, पांढरे बूट. ती 'पार्टी'.

चहा दिला. त्यांना गच्ची बघायची होती. मला माहीत होतं वर कोण आहे. रुक्मिणीचा भाऊ आला नाही, त्याच्या गावाकडं ऊसतोड सुरू, कारखान्याची पाळी लागलीय. सकाळपासून ती गप्प होती, म्हणून पूनम आणि नसीमनं तिला वर नेऊन बसवलेलं. ओवाळणीचं ताट तयार, ओवाळायला कुणी नाही.

पांढरे बूट वर पोचले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं, मंदारला म्हणाले, "जागा छान आहे. हे सगळे कधीपर्यंत निघतील?"

असं, त्यांच्यासमोर. जसं काही कूलरच्या जाळ्या.

मं. लाल झाला. माझ्या तोंडाशी आलं होतं बरंच, पण त्याआधी रुक्मिणी उठली. पाट सरकवला आणि म्हणाली, "दादा, तुम्ही काकूंचे एकुलते ना? बहीण नाय तुम्हाला. बसा."
मं. माझ्याकडं बघतोय. मी पाटाकडं बघितलं. बसला! बूट काढून, पँट सावरून, पाटावर. तिनं टोपी म्हणून स्वतःचा रुमाल टाकला त्याच्या डोक्यावर. कुंकू लावलं, अक्षता, ओवाळलं. मग नसीमकडं ताट दिलं, नसीमनं ओवाळलं. मग पूनमनं. ह्याचे खिसे चाचपणं सुरू. शेवटी फोन काढला.
"दादा, ताटात क्यूआर नाय लावलेला," रुक्मिणी म्हणाली.
एवढा हसला मंदार. लहानपणी हसायचा तसा, डोळे मिटून.

पांढरे बूट खाली जाऊन गाडीपाशी वाट बघत राहिले. चकली पाठवून दिली त्यांना.

जाताना मं.नं विचारलं, "आई, तू पुण्याला आलीस तर हे सगळं…" वाक्य पुरं केलं नाही. मीही नाही.

२६ ऑक्टो., रविवार

मं.चा फोन. "ते विचारतायत. काय सांगू?"
"सांग, आई संक्रांतीपर्यंत कामात आहे."
"संक्रांतीला काय आहे?"
म्हटलं, गच्चीवर तिळगूळ. तो म्हणाला, "आई, कायमचं असं पुढं ढकलता येणार नाही." बरोबर आहे त्याचं. मला ठाऊक आहे.

संध्याकाळी रुक्मिणी येऊन बसली. म्हणे, संक्रांतीचं हळदी-कुंकू तुमच्या हातून. मी म्हटलं, अगं, मी कशी करणार? हे गेल्यापासून मला कुणी बोलावतसुद्धा नाही. "त्येच तर! कुणी बोलवत नाय तर तुम्हीच बोलवा की. घर तुमचं, गच्ची तुमची." मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. ती गेल्यावर आरशापुढं बराच वेळ उभी होते.

नसीम उद्या शहागंजला जाणार आहे बांगड्या आणायला. जाता जाता माझं माप विचारलं. हातातली जुनी काढून दिली तिला. कुठल्या रंगाच्या आणणार, ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.