जीपच्या कागदावरची सही

१२ ऑक्टो. १९९९, मंगळवार. अल ऐन

शनिवारी सकाळी मी काय केलं ते आज लिहितो. तीन दिवस वही उघडली नाही.

नऊच्या सुमारास मालक हमद गॅरेजात आला. हातात टायपिंगवाल्याकडून करून आणलेला अरबी कागद. त्याच्या मरहूम वडिलांची, आमच्या थोरल्या अरबाबांची, म्हणजे जुन्या मालकांची, पासष्ट सालची जीप त्याला ऐतिहासिक गाडी म्हणून नोंदवायची आहे. तशी नोंद झाली की दर वर्षाची फी माफ, कडक तपासणीही नाही. पण गाडी मूळची हवी, आणि ती सांभाळणाऱ्या मेकॅनिकने तसं लिहून द्यायला हवं. सतरा वर्षं सांभाळतोय तो मी.

अरबी अक्षरं मला येतात, कुराण वाचण्यापुरती. अर्थ सगळा लागत नाही. पण चासीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याच्या, ओळीत 'असली', मूळची, असं होतं, तेवढं कळलं. हमद म्हणाला, "यल्ला इब्राहिम, साइन करो." कागद बोनेटवर ठेवला, सवयीने बिस्मिल्ला म्हटलं, सही केली.

चासी असली नाही. मीच बदललेली आहे.

चहा पिताना, गाडीखाली शिरताना, पाना उचलताना, सगळ्याच्या आधी ते नाव घेतो. खोट्याच्या आधीही घेतलं. जीभ थांबली नाही.

१३ ऑक्टो., बुध.

'९२ सालचं काम. थोरले तेव्हा हिंडतेफिरते. दर शुक्रवारी जीप काढून उंटांच्या वाड्यावर जायचे. आधी बरीच वर्षं ती समुद्राकडच्या खाऱ्या जमिनीत चाललेली, चासी मागून इतकी कुजली की स्क्रूड्रायव्हर आरपार जायचा. शारजाच्या भंगारातून त्याच जातीची, बरीच अलीकडची चासी आणली. मग तेव्हा आमच्या धंद्यात बरेच जण करायचे तेच केलं. जुन्या चासीवरचा नंबराचा तुकडा ग्राइंडरने कापला, नवीवर तेवढीच खिडकी पाडून वेल्ड केला, कानस मारली, वर काळा रंग. जोड बोटाला लागत नव्हता. त्या दिवशी मला माझ्या हाताचा अभिमान वाटला होता. हेही लिहून ठेवायला हवं.

थोरल्यांना म्हणालो, "तीच आहे, फक्त पॅच मारलाय." खरं सांगितलं असतं तर गाडी त्यांच्या लेखी परकी झाली असती, असं वाटलं. की नव्या नोंदणीची कटकट नको होती? आता आठवून सांगता येत नाही. त्यांनी माझं कपाळ चुंबलं. '९६ ला गेले. तेच खरं मानून गेले.

१५ ऑक्टो., शुक्र.

जुम्म्याच्या नमाजेहून आलो तर तुकारामने मासे तळायला घेतलेले. हा आमचा डेंटर, चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा, साताऱ्याकडचा, आठ वर्षं माझ्याच खोलीत. '९२ ला नंबराचा तुकडा पकडीत त्यानेच धरला होता, म्हणून त्याच्यापाशीच बोललो.

"गाडी कुणाची, भाई?"

"हमदची."

"फी कुणाची वाचणार?"

"हमदची."

"मग तुमच्या पोटात का दुखतंय?"

मी म्हटलं, सही माझी आहे.

"तुकडा मी धरला हुता. मला तर रोज झोप लागती."

"तुला देवाने विचारलं तर काय सांगशील?"

"आमच्या देवाला हितला व्हिसा न्हाई. तुमचा हितलाच, म्हणून तुमची पंचाईत."

हसलो दोघंही. मग त्याने डोक्याकडचा मोठा तुकडा माझ्या ताटात घातला. जेवता जेवता म्हणाला, "भाई, बोलला तर नोकरी जाईल. व्हिसा हमदच्या नावाचाय. एवढं बगा."

ते माहीत आहे.

१८ ऑक्टो., सोम.

वाहतूक ऑफिसचा तपासनीस आला. पांढरी दाढी, शांत माणूस. बूट काढून बाजूला ठेवले, चटई अंथरून स्वतः गाडीखाली गेला. बॅटरीच्या उजेडात नंबर वाचला, कागदाशी ताडून पाहिला. बाहेर येऊन मला विचारलं, "सेम चासी?"

"सेम सेम."

आता तोंडानेही झालं.

तो "माशाल्ला" म्हणाला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. हमदला सांगून गेला की दहाएक दिवसांत पक्की नोंद होईल. राष्ट्रीय दिनाच्या मिरवणुकीत जीप पुढे ठेवायची असं हमदने मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, कधीच सांगून टाकलंय. त्याने मला मिठी मारली. माझ्या कपड्यांचं ग्रीस त्याच्या पांढऱ्या पायघोळ कंदुऱ्याला लागलं, तरी चिडला नाही.

असरची, दुपारनंतरची, नमाज पढली, पण कितवी रकात ते विसरलो. पुन्हा पढली.

२२ ऑक्टो., शुक्र.

फोनवर बायकोला, रुकय्याला, सांगितलं, खरं बोलू का विचारलं. गावच्या घरून बोलताना ती नेहमी मागच्या पडवीत येते, कोंबड्या ऐकू येतात.

पहिलं म्हणाली, "आणि त्यानं हाकललं तर?"

"तर येईन."

"या की. विहिरीचा पंप तीन महिने बंद आहे. गावातले मेकॅनिक नुसते बघून जातात."

मग, "तुम्ही त्या म्हाताऱ्याच्या मयतीला खांदा दिलात ना?"

हो म्हटलं.

"मग मला कशाला विचारता?"

कार्ड संपलं.

२३ ऑक्टो., शनि.

आज सांगणार होतो. हमद आला, सीटवर बसला, स्टीअरिंगवर हात फिरवत म्हणाला, लहानपणी बाबा त्याला इथेच मांडीवर घ्यायचे. तोंडाशी आलेलं गिळलं. क्लच ढिला आहे, बघतो, म्हणालो. क्लच ठीक होता.

२६ ऑक्टो., मंगळ.

सांगितलं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. हमदला गाडीखाली नेलं. कापड स्पिरिटमध्ये भिजवून नंबराभोवतीचा काळा रंग पुसला, वेल्डची चौकोनी रेघ दाखवली. शब्दांनी सांगितलं असतं तर मी कुठे तरी मऊ केलं असतं, म्हणून दाखवलं.

तो पाठीवर पडूनच विचारत होता.

"किसने किया?"

"मैंने."

"बाबा को मालूम था?"

"नहीं, अरबाब. उनको भी झूठ बोला."

बाहेर आला. कंदुऱ्याची पाठ मळलेली, ती झटकलीही नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "कलर मारो वापस. खलास. किसी को नहीं बोलने का."

मी म्हटलं, तपासनीसाला सांगावं लागेल, कागद माझ्या सहीचा आहे.

"गाडी मेरी है."

"साइन मेरा है, अरबाब."

सतरा वर्षांत त्याला पहिल्यांदा नाही म्हटलं. तो शाळेत होता तेव्हापासून ओळखतो. "मैं नहीं आएगा," म्हणाला आणि निघून गेला.

रंग मारला नाही. तुकाराम म्हणाला, "मी येऊ का उद्या?" नको म्हटलं. त्याच्या दोन मुली शिकताहेत.

२७ ऑक्टो., बुध. सकाळी साडेदहा

वाहतूक ऑफिसच्या बाहेरच्या बाकावरून लिहितोय.

टॅक्सीने आलो. तपासनीस टेबलाशी होता, मला ओळखलं, हसून बसायला सांगितलं. मी उभाच राहिलो. म्हटलं, माझा कागद परत द्या, चासी मी बदललेली आहे, त्या दिवशी तुमच्याशीही खोटं बोललो. हिंदीत बोललो, त्याला पुरेसं कळलं. त्याचं हसू गेलं. फाइल काढली, माझी सही पाहिली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. विचारलं, मालकाने पाठवलं का? म्हटलं, नाही, मालकाला माहीत आहे, पण आलो मी माझा.

कागद परत दिला नाही. फाइल बंद करून वर दुसरा कागद लावला, त्यावर मी सांगितलेलं अरबीत लिहिलं, हळू वाचून दाखवलं, प्रत्येक ओळीचा अर्थ हिंदीत सांगितला. मग पेन पुढे केलं. सही केली. म्हणाला, मालकाला बोलवा, त्याच्यासमोर पुढचं ठरेल.

कोपऱ्यावरच्या बूथवरून हमदला फोन केला. कुठे आहे ते सांगितलं, काय लिहून दिलं तेही सांगितलं. पलीकडे गाडीचं इंजिन चालू होतं, कुठली ते ओळखू आलं नाही.

मग म्हणाला, "वहीं रुको."

आवाजावरून काही कळलं नाही. थांबलो आहे.